एडिंबरा, तिसरा मजला, फ्लॅट दुसरा

सगळ्यात आधी उच्चार. एडिनबर्ग नाही, एडिंबरा! शेवटच्या 'बर्ग'ला सुट्टी द्यायची. मी ऑफिसात पहिले दोन महिने ठणठणीत 'एडिनबर्ग' म्हणत होते आणि एकाही स्कॉटिश माणसाने मला दुरुस्त केलं नाही. एवढ्यावरून या शहराचा स्वभाव कळायला हवा होता, पण तेव्हा कळला नाही.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. ती सप्टेंबरात मास्टर्स करायला इथे येतेय आणि गेला महिनाभर रात्री अकरा वाजता (म्हणजे डोंबिवलीत पहाटेचे साडेतीन, ही मुलगी झोपते कधी?) तिचे मेसेज येतात. ताई, थर्मल किती आणू? ताई, कुकर आणू का? ताई, छत्री? ताई, तिथले लोक कसे आहेत? मी २०१४च्या जानेवारीत एका बँकेच्या प्रोजेक्टवर सहा महिन्यांसाठी आले होते. सहा महिन्यांचे दहा वर्षांहून जास्त झाले. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे सांगते, आणि जे मेसेजमध्ये मावलं नाही तेही.

छत्री आणू नकोस!

एक गंमत ऐका. एडिंबरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. मुंबई तेवढा एकट्या जुलैत उरकते. फरक इतकाच, की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो आणि इथला बारा महिने ईएमआय भरत बसतो. बारीक, आडवा, चिवट. त्यात वारा असा, की छत्री उघडली की तिचं फूल होतं. वादळी रात्रीनंतर सकाळी रस्त्यावरच्या कचरापेट्या बघा, मोडक्या छत्र्यांनी भरलेल्या असतात. त्यातली एकही स्थानिकांची नसते. हूड असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्यायचं, आणि तेही इथे येऊन. ठाण्याच्या मॉलमधलं 'विंटर कलेक्शन' इथल्या वाऱ्यापुढे मलमल आहे. पैसे वाचवायचे असतील तर स्टॉकब्रिज किंवा मॉर्निंगसाइडच्या चॅरिटी शॉप्समध्ये जा. श्रीमंत वस्ती, त्यामुळे देणगीत आलेले कोटही श्रीमंत. माझा लोकरी कोट तिथलाच आहे आणि त्याचं मला अजिबात ऑकवर्ड वाटत नाही.

राखाडी, ओलसर, कंटाळवाण्या दिवसाला इथे एक खास शब्द आहे, 'ड्रीख'. शेवटचा 'ख' घसा खरवडून काढायचा, आपल्याला जमतो. आणि वसंतात-उन्हाळ्यात छान ऊन पडलेलं असताना समुद्रावरून अचानक धुकं चालत येतं आणि किल्ला गिळून टाकतं, ते 'हार'. माझ्या घरी धुकं आणि दोन मैलांवर आइस्क्रीमची रांग, असंही घडतं.

घर शोधताना

इथे ऑगस्टमध्ये घर शोधू नये. १९४७ साली इंटरनॅशनल फेस्टिव्हल सुरू झाला, त्या वर्षी आठ नाटक कंपन्या आमंत्रण नसताना येऊन धडकल्या आणि त्यातून 'फ्रिंज' जन्माला आली. आज ऑगस्टमध्ये तीन हजारांवर शोज होतात. गल्लीबोळात, चर्चमध्ये, पबच्या तळघरात, जिथे खुर्ची मावते तिथे. झक्कास वातावरण असतं, पण भाड्याची खोली मिळत नाही. त्यातच सप्टेंबरसाठी विद्यार्थ्यांची झुंबड. म्हणून आधीपासून लागा.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूने आहे, हे नव्या मंडळींना माहीत नसतं. स्कॉटलंडमध्ये एजंटला भाडं आणि परत मिळणारं डिपॉझिट यापलीकडे एक पेनीही मागता येत नाही. 'अ‍ॅडमिन फी', 'रेफरन्स फी' वगैरे इथे बेकायदा. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं, आणि ते घरमालकाच्या खिशात नाही, तर तीन मान्यताप्राप्त स्कीम्सपैकी एकीत तीस वर्किंग डेजच्या आत जमा व्हायला हवं. डिसेंबर २०१७पासूनच्या करारांना 'अकरा महिने' वगैरे मुदत नसते. तुम्ही अठ्ठावीस दिवसांची नोटीस देऊन निघू शकता, मालकाला मात्र कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. (स्टुडंट हॉलचे करार वेगळे असतात, ते नीट वाचा.) आणि घर न बघता कुणी पैसे ट्रान्स्फर करायला सांगितले, तर तो ठग आहे. मग फोटो कितीही गोड असोत.

सगळे फुलटाइम स्टुडंट्स असलेल्या घराला काउन्सिल टॅक्स लागत नाही, पण तसं कळवावं लागतं. घरात एक नोकरीवाला आला की बिल सुरू. फ्लॅटमेट निवडताना हा मुद्दा स्वभावाच्या आधी बघा!

मिळणारं घर बहुतेक टेनमेंटमधलं असेल. म्हणजे काय? दगडी चाळ! शंभर-सव्वाशे वर्षांची, चार मजली, मधोमध गोल फिरत जाणारा दगडी जिना, वर काचेचं छप्पर, मागे कपडे वाळवायला कॉमन हिरवळ. लिफ्ट विसरा. माझा पत्ता 'थ्री एफ टू', म्हणजे तिसरा मजला, फ्लॅट दुसरा. पिझ्झावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे खालून बझर दाबून "कितवा?" विचारतात. छत उंच, खिडक्या भव्य आणि भाडं भरताना जितका आनंद होत नाही तितका पहिल्या दिवशी खिडकीबाहेर बघून होतो. मग ऑक्टोबर येतो. त्याच भव्य खिडक्यांच्या फटींतून वारा शिट्टी वाजवत आत येतो. स्वयंपाकघराच्या छताला दोरीने वर-खाली होणारी लाकडी काठ्यांची चौकट असेल, तर घर सोडू नका. तिला 'पुली' म्हणतात. कपडे वाळत घाला, दोरी ओढा, गेले वर. खोलीभर स्टँड पसरून भिंतींना बुरशी आणण्यापेक्षा हे बरं.

आणि फोडणी! २०२२च्या फेब्रुवारीपासून इथल्या प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले फायर अलार्म सक्तीचे झालेत. एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरातला अलार्म उष्णतेचा असतो, तो बिचारा गप्प राहतो. पण दार उघडं ठेवून मिरच्यांची फोडणी दिलीत, की पॅसेजमधला धुराचा अलार्म केकाटतो आणि त्याच्या सुरात बेडरूममधले भाऊबंद सामील होतात. दार बंद, खिडकी उघडी, मग मोहरी. या क्रमात चूक नको. हां, कुकर आणायचा तर स्टीलचा, खाली इंडक्शन बेस असलेला. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ढिम्म बसून राहतो. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग सगळं लीथ वॉकवर मिळतं, त्यासाठी बॅगेतले किलो खर्च करू नका.

थँक्यू, ड्रायव्हर

बस म्हणजे या शहराचं वैभव. बससेवा मुख्यतः शहराच्या काउन्सिलच्या मालकीची, बेस्टसारखी, आणि ती खरोखर वेळेवर येते. रोख पैसे दिले तर सुटे परत मिळत नाहीत. मी पहिल्याच आठवड्यात पाच पाउंडांची नोट पेटीत टाकून हात पुढे करून उभी राहिले होते, मागे लाइन! आता कार्ड टॅप करायचं, दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. बावीस वर्षांच्या आतल्यांना जानेवारी २०२२पासून अख्ख्या स्कॉटलंडभर बस फुकट, फक्त कार्ड काढून घ्यावं लागतं. (माझी बहीण तेवीसची आहे. हळहळली.) उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. सगळे म्हणतात. हुडी घातलेले, कानात हेडफोन घातलेले दहावीतले पोरगेही म्हणतात.

ट्रामबद्दल स्थानिक माणसाला विचाराल तर तासभर मोकळा ठेवा. २०१४च्या मे महिन्यात सुरू झाली, काही वर्षं उशिरा आणि ठरल्याच्या दुप्पट खर्चात. मग लीथकडे वाढवायची म्हणून आमचा रस्ता खणून ठेवला. जून २०२३मध्ये ती एकदाची न्यूहेवनपर्यंत धावली. आता घराजवळून थेट एअरपोर्टला जाते, त्यामुळे शिव्या देणं जड जातं.

छोट्या-छोट्या गोष्टी पटापट. दुकानात दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळेत, पाहुणे येणार असतील तर घड्याळ बघा. किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ उडते, रविवार सोडून, १८६१पासून. दचकला तो टुरिस्ट, घड्याळ लावलं तो स्थानिक. तीन स्कॉटिश बँका आपापल्या नोटा छापतात. त्या लंडनला जायच्या आधी खर्च करा, तिकडचे काही दुकानदार खोट्या असल्यासारख्या उजेडात धरून बघतात. आल्या-आल्या जीपीकडे नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं २०११पासून इथे मोफत आहेत. आणि फिश अँड चिप्सवाल्याने "सॉल्ट अँड सॉस?" विचारलं, तर हो म्हणा. पातळ, आंबट, तपकिरी सॉस. ग्लासगोवाले याला नाकं मुरडतात, ते व्हिनेगरवाले.

पुणं आणि मुंबई, स्कॉटिश आवृत्ती

ग्लासगोचा विषय निघालाच. ट्रेनने जेमतेम तासाभरावर आहे, पण स्वभावात मुंबई-पुण्याचं अंतर. ग्लासगो म्हणजे मुंबई: मोठी, गडबडीची, अनोळखी माणसाशी स्टॉपवर गप्पा मारणारी. एडिंबरा म्हणजे पुणं: देखणं, शहाणं, आणि आपण देखणे-शहाणे आहोत हे पुरतं ठाऊक असलेलं. ग्लासगोवाल्यांचा जुना टोमणा आहे, की एडिंबरात कुणाच्या घरी गेलात तर दारातच विचारतात, "जेवूनच आला असाल ना?" पुणेकरांनो, ओळखीचं वाटतंय?

बहिणीचा प्रश्न होता, लोक कसे आहेत. खरं सांगायचं, तर वाईट वागणारे फार भेटले नाहीत. इतक्या वर्षांत दोनदा दारू प्यालेल्या माणसाने रस्त्यात काहीतरी ओरडलं, दोन्ही वेळा स्टॉपवरच्या तिसऱ्याच कुणीतरी त्याला झापलं. त्रास होतो तो सभ्यपणाचा. सगळे हसतात, दार धरून ठेवतात, हवेबद्दल बोलतात आणि निघून जातात. ऑफिसातली मैत्रीण "बॅक ऑफ फाइव्हला भेटू" म्हणाली, तर मला वाटलं पाचच्या आधी. तो असतो पाच वाजून गेल्यावर. मी पावणेपाचला जाऊन अर्धा तास एकटी बसले. आणि "व्हेअर डू यू स्टे?" या प्रश्नाला मी पहिलं वर्षभर हॉटेलात उतरल्यासारखं उत्तर द्यायचे, "सध्या लीथला, तात्पुरती." इथे 'स्टे' म्हणजे राहणं, कायमचं राहणं. त्यांना फक्त माझा पत्ता हवा असायचा.

पावणेचारला रात्र

हे मेसेजमध्ये लिहिता आलं नव्हतं.

एडिंबरा छप्पन्न अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, टेकडीवर बसून पुस्तक वाचता येतं. त्याची किंमत डिसेंबरात मोजावी लागते. सूर्य पावणेनऊच्या जरा आधी उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. २०१४च्या डिसेंबरात मी ऑफिसला काळोखात जात होते आणि काळोखात परत येत होते. माझं डेस्क खिडकीपासून लांब. शनिवारी उशिरा उठायचं, म्हणजे दुपारी दोनला, मग उरलेला दीड तास उजेड आंघोळीत आणि चहात जायचा. आईला फोनवर "मजेत आहे" सांगायचं. एकदा शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ मी एकही शब्द मोठ्याने बोलले नव्हते, हे सोमवारी बझरवर "हॅलो" म्हणताना आवाज फुटला नाही तेव्हा कळलं. ड्राफ्ट्समध्ये राजीनाम्याचा मेल तयार होता. सब्जेक्ट लाइनही लिहून झाली होती.

त्या सुमारास माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी दोरीने एक पुठ्ठा अडकवला. 'जिना धुण्याची पाळी तुमची आहे' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं. मला वाटलं जाहिरात. आठवडाभर तो तसाच लटकत राहिला. मग एका शनिवारी दार वाजलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी, सत्तरीच्या, अ‍ॅप्रन घातलेल्या, दोन मजले चढून आल्यामुळे धापा टाकत. अकरा महिने मी त्यांना फक्त "मॉर्निंग" म्हटलं होतं. त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि शांतपणे विचारलं, की मला वाचता येतं ना.

मला खरंच माहीत नव्हतं. या दगडी चाळींत एका मजल्यावरच्या दोन घरांनी आपला मजला आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या आलटून-पालटून धुवायच्या, काम झालं की पुठ्ठा समोरच्या दाराला अडकवायचा, ही इथली जुनी रीत. म्हणजे अकरा महिने समोरच्या फ्लॅटमधला मुलगा माझ्या पाळीचाही जिना धूत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता! माझ्याकडे बादलीही नव्हती. आजींनी त्यांची दिली.

मी वाकून पायऱ्या पुसत होते आणि ओल्या पायरीवरून जाताना प्रत्येकाला थांबावंच लागत होतं. तासाभरात मला आठही घरांची माणसं भेटली. समोरचा मुलगा नर्स होता, रात्रपाळी करायचा, म्हणून कधी दिसत नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं हनिमूनला गोव्याला जाऊन आलेलं. बादली परत द्यायला गेले, तर आजी म्हणाल्या, "चहा झालाच असेल तुझा?" आणि माझं तोंड बघून स्वतःच खो-खो हसल्या. त्या मूळच्या ग्लासगोच्या निघाल्या.

त्याच वर्षी एकतीस डिसेंबरला त्यांनी मला एक काम सांगितलं. इथे होगमनीच्या रात्री बारानंतर उंबऱ्यातून आत येणारं पहिलं माणूस काळ्या केसांचं असेल तर वर्ष चांगलं जातं. खरं तर ते पुरुष असावं लागतं, पण आजी म्हणाल्या, की या जिन्यात एवढे काळे केस दुसऱ्या कुणाचे नाहीत, तेवढं चालवून घेऊ. मी बाराला पाच मिनिटं कमी असताना त्यांच्या दाराबाहेर गार जिन्यात उभी राहिले, एका हातात कोळशाचा तुकडा, दुसऱ्या हातात शॉर्टब्रेडचा डबा. आतून घड्याळाचे ठोके आले. मग मी दार वाजवलं.

तो मेल गेला नाही. म्हणजे लगेच सगळं सोपं झालं असं नाही. जानेवारी त्याहून वाईट होता. पण मी ऑफिसात खिडकीजवळची जागा मागून घेतली, लंच अवरमध्ये पावसातही बाहेर पडायला लागले आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या सुरू केल्या. (हिवाळ्यात त्या घ्याच. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्यांना तर इथे वर्षभर घ्यायला सांगतात.) रविवारी आर्थर्स सीट चढायला लागले. अडीचशे मीटरची टेकडी, शहराच्या मधोमध. तीही ज्वालामुखीचीच, सह्याद्रीच्या दगडाच्या पाचपट जुनी. वर वारा इतका असतो, की विचार करायला जागा उरत नाही. आणि ऊन पडलं की सगळं सोडून सव्वीस नंबरच्या बसने पोर्टोबेलोच्या समुद्रावर. ऊन हा इथे इमर्जन्सी लीव्हचा विषय आहे, बॉसही समजून घेतो.

बऱ्याच नंतर मला कळलं, की पॅट्रिक गेडिस नावाचा इथला एक माणूस १८८०च्या दशकात लग्न झाल्या-झाल्या बायकोला घेऊन जुन्या शहरातल्या जेम्स कोर्टच्या मोडक्या टेनमेंटमध्ये मुद्दाम राहायला गेला होता. तिथल्या शेजाऱ्यांना गोळा करून त्याने भिंतींना सफेदी केली, खिडक्यांत कुंड्या लावल्या. चाळी पाडू नका, आतून नीट करा, असं तो म्हणायचा. हाच गेडिस पुढे १९१९मध्ये बॉम्बे युनिव्हर्सिटीत समाजशास्त्राचा पहिला प्रोफेसर झाला. मला तो एकदम शेजारचा वाटायला लागला.

आजी २०२१मध्ये मुलीकडे फाइफला राहायला गेल्या. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून जिन्यासाठी क्लीनर ठेवला, महिन्याला थोडे-थोडे पैसे, दर मंगळवारी येतो. मीच सगळ्यात आधी 'हो' म्हटलं होतं. जिना आता चकाचक असतो. पहिल्या मजल्यावर नवीन कोण आलंय, ते मला अजून माहीत नाही. दार उघडण्याचा आवाज येतो, मी पोहोचेपर्यंत बंद होतं.

परवा रात्री अकराला बहिणीचा पुन्हा मेसेज. "ताई, तुझ्यासाठी काय आणू?"

"बाकरवडी. छोटी पाकिटं, चौदा. सात माझ्या जिन्याला, सात तुझ्या. पोहोचल्या आठवड्यात एकेक दार वाजवून देऊन यायची."

"चौदा?? बॅगेत जागा नाही गं."

"मग कुकर काढ."